शांत, सुस्वभावी, निर्व्यसनी

माशांच्या दुकानात कुणी खोटं बोलत नाही. तिथे फक्त विशेषण एकच असतं. कुठल्याही काचेवर बोट ठेवा, दुकानातला पोरगा म्हणणार, "एकदम शांत मासा, सर." टायगर बार्ब? शांत. त्याच टाकीतल्या एंजलची लांबलचक झालर त्याने कुरतडून अर्ध्यावर आणलेली असते आणि उरलेल्या अर्ध्या झालरीकडे तो खरोखरच शांतपणे बघत असतो. बाटलीत कोंडलेल्या फायटरबद्दल विचारलं तर, "एकटा असला की शांत, सर." आमच्या दोन काकांबद्दलही घरात नेमकं हेच सांगत.

तीन इंची, चंदेरी 'शार्क'ची चौकशी करणाऱ्याला पोरगा आधी धीर देतो. "नावावर जाऊ नका, कुणाला काही करत नाही." हे मात्र अक्षरशः खरं. तो शार्क नव्हेच. आग्नेय आशियातल्या मोठ्या नद्यांमधला, शिंगाळ्याच्या जातकुळीतला मासा तो, मीटरभराच्या वर वाढणारा. दोन फुटी टाकीत वर्षभराने त्याला धड वळता येत नाही. पुढे हॉटेलात लिंबाची फोड अंगावर घेऊन 'बासा' म्हणून जो भेटतो, तो बहुतेक वेळा हाच. तिथेही शांतच असतो.

गोरामीबद्दल हे विशेषण निम्मं खरं आहे. घोटाळा एवढाच की कुठलं निम्मं, ते दुकानात सांगत नाहीत.

या मंडळींतला सगळ्यात दांडगा म्हणजे जायंट गोरामी. दोन फुटांच्याही पुढे जातो. जावा-सुमात्रात त्याला काचेपेक्षा कढईतच जास्त ठेवतात, अख्खाच्या अख्खा तळून. ही माहिती मला आमच्या मालवणच्या मामांमुळे उपयोगी पडली. मामा आले, टाकीसमोर वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हे खातत काय रे?" बायकोला ते इतकं लागलं की त्यांच्या चहात साखर पडली नाही. मी मामांची बाजू घेतली. म्हटलं, प्रश्न बरोबर आहे, फक्त तो यांच्या थोरल्या चुलत्याबद्दल आहे. मामांनी चुलत्याची लांबी विचारली. मी हात पसरून दाखवली. मग त्यांनी आमच्या दीड इंची माशांकडे पुन्हा एकदा पाहिलं, चष्मा खाली घेतला आणि विषय बदलला.

दुकानात सगळ्यात जास्त खपतो तो निळा गोरामी. सोनेरी म्हणून विकतात तोही हाच आणि संगमरवरी नक्षीचाही हाच; रंग तेवढे माणसाने निवडून निवडून वाढवलेले. इंग्रजीत याला थ्री स्पॉट म्हणतात. अंगावरचे ठिपके मोजले तर दोनच भरतात. तिसरा ठिपका म्हणून डोळा धरायचा असतो. ज्याच्या नावातच हिशेब असा जमवून आणलेला आहे, त्याच्या स्वभावाच्या दाखल्यावर किती भरवसा ठेवायचा? लहानपणी तो अगदी गरीब असतो. चार-पाच इंचांचा झाला की टाकीची डावी बाजू त्याची होते. पुढच्या महिन्यात उजवीही होते. निऑन टेट्रांची सगळी टोळी फिल्टरमागे दाटीवाटीने उभी राहते आणि जेवायला पाळीपाळीने बाहेर येते. तक्रार घेऊन दुकानात जा, उत्तर तयार असतं, "आमच्याकडे होता तेव्हा शांत होता, सर." होताच. तिथे शेदीडशे भावंडांच्या गर्दीत नेमकं कुणाला चावायचं हेच त्याचं ठरत नव्हतं. आपण त्याला प्रशस्त घर दिलं, खाऊपिऊ घातलं, तेव्हा कुठे त्याला डोकं वर काढायला फुरसत मिळाली.

किसिंग गोरामीची गोष्ट याहून नाजूक आहे. गुलाबी अंग, जाड ओठ, आणि दोन मासे तोंडाला तोंड भिडवून स्तब्ध. अशी जोडी लग्नाच्या वाढदिवसाला भेट द्यायचं कुणाला सुचलं नसतं तरच नवल. आमच्या भाचीकडे ती आली. आलेल्यागेलेल्या बायका "अय्या" म्हणत आणि पुरुष उगाचच पंख्याकडे बघत. वास्तविक ती कुस्ती असते. ओठांनी ओठ रेटायचे आणि मागे कोण हटतो ते बघायचं, एवढाच त्या प्रकाराचा अर्थ. एरवी त्याच खरखरीत ओठांनी तो दगडावरचं शेवाळ खरवडत असतो. भाचीला हे सांगण्याचा धीर मला झाला नाही, म्हणून जावईबापूंना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं. प्रेमात इतका वेळ कुणी गप्प राहत नाही, मामा." हा मासाही फूटभर होतो. त्यामुळे वाढदिवसाची भेट अजून वाढतेच आहे आणि टाकी दोनदा बदलून झाली.

ड्वार्फ गोरामी दिसायला राजबिंडा, निळ्या अंगावर लालभडक तिरपे पट्टे. पण दुकानात येतात ते सगळे नरच, कारण माद्या फिकट असतात आणि फिकट मासा पैसे देऊन कोण घेणार? छोट्या टाकीत दोन नर सोडले की एक दुसऱ्याला पालथा घालतो. शिवाय या जातीच्या ठोक पैदाशीत इरिडोव्हायरस नावाचा एक विषाणू शिरून बसला आहे. त्याला औषध नाही. मासा रंग टाकतो, कोपरा धरतो आणि जातो. मालक बिचारा पाणी बदलत बसतो. पर्ल गोरामी मात्र खरोखरच खानदानी. अंगभर मोत्यांची जाळी, चाल संथ, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पण तो वाढतो चार-साडेचार इंच आणि त्याला टाकी लागते चांगली मोठी. ती आमच्या हॉलमध्ये बसवायची तर सोफ्यावरचं एक माणूस कमी करावं लागलं असतं. नाव सगळ्यांच्या मनात एकच आलं होतं, पण ते माणूस तेव्हा सोफ्यावरच बसलेलं होतं.

उरला हनी गोरामी.

हा फार तर दोन इंचांचा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो भिजवलेल्या चिवड्याच्या रंगाचा दिसतो. भेदरलेला, एका कोपऱ्यात, आणि भाव मात्र पूर्ण. बायको म्हणाली, "याला काविळीतून उठवून आणलंय का?" पोरगा म्हणाला, "नाही वहिनी, शांत आहे." त्या दिवशी पहिल्यांदा तो खरं बोलला. घरी गर्दी कमी, पाणी स्वच्छ, वर तरंगती हिरवळ असली की काही आठवड्यांत हाच मासा मधासारखा पिवळाधमक होतो. नर माजावर आला की अंग केशरी आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळाशार निळा. हनी गोरामी कुणाला त्रास देत नाही म्हणतात ते खरंच, पण त्याला मात्र कुणीही त्रास देऊ शकतं, ही त्याची अडचण. त्यामुळे सोबती निवडताना टायगर बार्ब बाद, फायटर बाद, निळा गोरामी तर बादच. छोटे रासबोरा, टेट्रा, तळाशी रेतीत तोंड खुपसून फिरणारे कोरिडोरास, इतकीच माणसं चालतात.

हा आपल्याकडचाच मासा. आसाम, बंगाल, बांगलादेश इथल्या संथ, झाडोऱ्याच्या पाण्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरने गंगेतल्या माशांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १८२२ साली निघाला. त्यात या माशाची नोंद दोनदा आहे. नर आणि मादी इतके वेगळे दिसले की डॉक्टरांनी त्यांच्या दोन स्वतंत्र जाती केल्या. एकीचं नाव चुना, दुसरीचं सोटा. पुढच्या शास्त्रज्ञांनी दोघांना एकत्र आणलं, सोटा गेला, चुना राहिला. शास्त्रीय नावात तो अजून आहे. नवरा-बायको हे मुळात दोन निराळ्या जातींचे प्राणी आहेत, असं एका शास्त्रीय ग्रंथात छापून आलं होतं, हे मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बायकोचं मत असं पडलं की डॉक्टर बरोबर होते, नंतरच्या लोकांनी घाई केली.

मासे आणण्याआधी टाकी आणावी लागते आणि टाकी आणल्यावर मासे आणायचे नसतात, हे या छंदातलं पहिलं ब्रह्मज्ञान. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच अशा टाकीत ५५ लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे तेवढेच किलो. इथे टीपॉयचा प्रश्न निकालात निघतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते थोडंफार चालतं. हे सगळे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात नांदायला चार ते सहा आठवडे घेतात. दुकानातला पोरगा म्हणतो, "उद्या सोडा मासे, सर." पुस्तकं म्हणतात, थांबा. आम्ही थांबलो. दिवा लावलेली, झाडं लावलेली, बुडबुडे सोडणारी रिकामी टाकी हॉलमध्ये होती आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिच्यात मासे असणारच अशी खात्री होती. माणसं वाकून बघत, सौजन्याने हसत. एका गृहस्थांनी तर "तो बघा, त्या गवतामागे" म्हणून दाखवला. त्यांच्या बायकोलाही तो दिसला. रंगाबद्दल मात्र दोघांचं एकमत होईना.

याच काळात सल्ले आले. वरच्या मजल्यावरच्या काकांनी होकायंत्र आणून टाकी ईशान्येला आहे का ते पाहिलं. ती आग्नेयेला निघाली, कारण प्लग तिकडे होता. मग ते म्हणाले की नऊ मासे ठेवा, आठ गोल्डफिश आणि एक काळा, काळा घरावरचं संकट अंगावर घेतो. मी सांगितलं की गोल्डफिशला गार पाणी मानवतं, गोरामीला २४ ते २८ अंश लागतं, आणि गोल्डफिश घाणही फार करतो. काका म्हणाले, "मग गोरामीच एक काळा घ्या." हीटरवर त्यांचा आक्षेप असा की माशांना गरम पाणी म्हणजे लाड. मुंबईच्या हवेत खरंच वर्षातले बहुतेक दिवस हीटर लागत नाही. पुण्यात, डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास घुटमळतो तेव्हा लागतो. पण काकांचा मुद्दा तापमानाचा नव्हताच. त्यांच्याकडचा गीझर त्या आठवड्यात बंद होता.

मासे आल्यावर नवाच घोळ सुरू झाला. गोरामी दर थोड्या वेळाने वर येतो, तोंड बाहेर काढून हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला पातळ, मुडपलेल्या पापुद्र्यांचा, रक्तवाहिन्यांनी भरलेला एक कप्पा असतो. शास्त्रात त्याला लॅबिरिंथ म्हणतात. भातखाचरांत, डबक्यांत, उन्हाने तापलेल्या गढूळ पाण्यात प्राणवायू पुरत नाही, म्हणून या घराण्याने थेट हवेतूनच श्वास घ्यायची सोय करून ठेवली. यातल्या कित्येक माशांना वर यायला अटकाव केला तर ते गुदमरतात. म्हणजे हा मासा पाण्यात बुडून मरू शकतो. हे शेजारणीला समजावून सांगितल्यावर तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि जाताना बायकोला म्हणाली, "भाऊंना जरा विश्रांती द्या."

तेव्हापासून मी समजावणं सोडलं. तरी दर पाहुणा एकदा ओरडतोच, "अहो, मासा मरतोय, ऑक्सिजन कमी पडतोय!" कुणी मोटार वाढवतं. मोटार वाढवली की गोरामी वैतागतो, कारण त्याला हलणारं पाणी आवडत नाही. तो संथ पाण्यातला रहिवासी. मोटार कमी केली की पुढचा पाहुणा ओरडतो. एकदा मे महिन्यात वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. फिल्टर बंद, मोटार बंद. टेट्रांची घालमेल सुरू झाली, कोरिडोरास वरखाली करू लागले, आणि सोसायटीचे चार लोक आमच्या हॉलमध्ये पुठ्ठ्याने पाण्याला वारा घालत होते. गोरामी येऊन घोटभर हवा घेत आणि त्या चौघांकडे बघत खाली जात. त्या दिवसानंतर मात्र काकांनी त्यांना नावं ठेवणं बंद केलं.

गोरामीच्या पोटाखालचे दोन पर म्हणजे नुसते लांब दोरे असतात. त्यांनी तो समोर येईल ते चाचपतो आणि त्या दोऱ्यांना चवही कळते. नवं झाड लावा, नवा दगड ठेवा, नवा मासा सोडा, हा हळूच जवळ जाणार, दोरा पुढे करणार, एक स्पर्श, दुसरा स्पर्श, मग अंगावरून एक लांबलचक तिसरा. आमची आत्या कुणाच्याही लग्नात शेजारच्या बाईचा पदर दोन बोटांत धरून "खरी आहे का गं?" म्हणते, ते अगदी हेच. कोरिडोरासला हे चालतं. गोगलगाय शिंगं आत घेते. टेट्रा मात्र दचकून निघून जातात आणि तो दोरा पुढे करून तसाच उभा राहतो, अजिबात न ओशाळता.

आणि मग घरटं. नर तोंडात हवा घेतो, लाळेत घोळवतो आणि वर बुडबुडा सोडतो. असे शेकडो. तरंगत्या पानांच्या आडोशाला फेसाचा एक पातळ थर जमतो. कामाला येणाऱ्या मावशींना तो पहिल्या दिवशी दिसला. आपल्या हातच्या भांड्यांवर साबण राहतो असा आरोप त्यांच्यावर पूर्वी झालेला असल्याने त्यांनी तो तत्परतेने गाळणीने काढून टाकला. भाऊसाहेबांनी (नराला आम्ही भाऊसाहेब म्हणतो) संध्याकाळपर्यंत नवा फेस केला. सकाळी मावशींनी तोही काढला. हे बरेच दिवस चाललं. दोघांपैकी कुणीच तक्रार केली नाही आणि कुणीच हार मानली नाही. शेवटी बायकोने मावशींना सांगितलं की ते बाळंतपणाचं आहे. मावशींनी गाळणी धुऊन जागेवर ठेवली आणि तेव्हापासून त्या टाकीजवळ आल्या की हळू बोलतात.

घरटं झाल्यावर शांत स्वभावाचं जे होतं, ते पाहून दुकानातल्या पोराला बोलवावंसं वाटलं. आधी भाऊसाहेब मादीसमोर जवळजवळ उभे ताठ होऊन आपला काळा-निळा गळा दाखवत राहिले. ती आली, घरट्याखाली त्याने तिला वेढा घातला, अंडी सुटली, त्याने ती तोंडाने गोळा करून फेसात लावली. इथवर सगळं रीतसर. त्यानंतर लगेच त्याने बायकोला हाकलून लावलं. ती अंडी खाईल असा त्याला संशय असतो आणि संशय निराधार नसतो. टेट्रांना त्याने उजवा कोपरा नेमून दिला. त्याच्याहून मोठा कोरिडोरास वर हवा घ्यायला आला तर त्यालाही धक्का. दोन इंचांचा हा गृहस्थ सगळ्या टाकीला पुरून उरला. मादीला लपायला दाट झाडं नसती तर तिचं कठीण होतं. अंडी दीड दिवसात फुटली. दोन-तीन दिवसांनी स्वल्पविरामाएवढी पिल्लं पोहायला लागली, आणि ज्या टेट्रांना इतके दिवस कोपऱ्यात उभं केलं होतं त्यांनी ती एकाच रात्रीत संपवली. सकाळी भाऊसाहेब पुन्हा शांत, सुस्वभावी. टेट्रांचे उपवास मात्र सुटलेले दिसत होते. पिल्लं वाढवायचीच तर वेगळी टाकी लागते आणि वर घट्ट झाकण लागतं, कारण त्यांचा हवा घ्यायचा कप्पा तयार होत असताना वरची हवा गार आणि कोरडी चालत नाही. काका म्हणाले, "म्हणजे पुन्हा लाड."

गणपतीला आम्ही गावी जातो. चांगले पोसलेले मासे चार-पाच दिवस उपाशी राहिले तरी काही बिघडत नाही, असं जाणकार सांगतात. पण हे शेजारणीला सांगणं म्हणजे सणासुदीला एखाद्याला उपाशी ठेवण्याचा कट रचणं. म्हणून खाद्याची डबी तिच्याकडे दिली आणि कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिलं: दिवसातून एकदा, एक चिमूट. परत आलो तर पाणी सोलकढीच्या रंगाचं झालेलं. तळाशी खाद्याचा साखरेसारखा थर, डबी रिकामी. टेट्रा निपचित, कोरिडोरास काचेला टेकलेले. गोरामी मात्र आरामात वर येत होते, घोट घेत होते, जात होते. बायकोने बादल्या भरायला घेतल्या. सकाळचं नळाचं पाणी सहा ते साडेसातच येतं आणि त्यात क्लोरीन उतरवायचं औषध घातल्याशिवाय टाकीत ओतता येत नाही, म्हणून मी पिंप शोधत होतो. तेवढ्यात शेजारीण आली, हातात मोदकांचा डबा.

"चिमूटभरच घातलं हं रोज," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यांना आवड ना माशांची. सासूबाई एक चिमूट, हे एक चिमूट, दोन्ही मुलं एकेक, माझी एक. आणि नणंद आलेली, तिची पोरं आलेली."

मग तिने टाकीकडे निरखून पाहिलं.

"एवढं खाऊनसुद्धा बारीकच राहिले पण. जंत नाही ना झालेत?"